गरम कुठं लागतंय

नाव धैर्यशील. बारशाला माझ्या थोरल्या भावानं ठेवलं,
मला न विचारता.
सहावीत हजेरीला बाई नाव पुकारायच्या
आणि ‘हजर’मधला ह
घशात अडकायचा, सोड्याच्या बाटलीत गोटी अडकावी तसा.
वर्ग हसायचा. कान लाल व्हायचे.
हे त्यानं नाही सांगितलं,
त्याच्या आत्तेबहिणीनं सांगितलं, तीन वर्षांनी.

तोवर घरात आम्ही म्हणायचो, पोरगं गुणी आहे,
उलटून बोलत नाही.
पाहुणे आले की आतल्या खोलीत.
केएमटीत कंडक्टरकडं राहिलेले पाच रुपये मागावे लागतील
म्हणून राजारामपुरीपर्यंत चालत जायचा.
गुणी आहे, म्हणायचो.

मग मोबाइल आला. शाळेसाठीच आला.

एका रात्री दीडला सेकंड शिफ्टवरनं परतलो
तर आतून आवाज. दाराला कान लावला.
‘भावा, डावीकडनं ये! मी हाय मागं, भिऊ नको!’
कोण बोलतंय हे कळायला वेळ लागला मला.
चार अनोळखी पोरं, एक नागपूरचं, बाकीची कुठली कुठली,
त्याच्या शब्दावर पळत होती.
खोटं कशाला बोलू, छाती भरून आली.
दार न वाजवता झोपलो.
चूक तिथं झाली का? माहीत नाही.

कारण पुढं तो आवाजही गेला.
खेळ राहिला, बोलणं नाही.
पहाटे चारला फटीतून निळा उजेड,
ताटात भाकरी वाळून कडक,
फुटबॉलचे बूट त्यानं चुलतभावाला देऊन टाकले,
कुणी मागितले नसताना.
गल्ली म्हणाली, नाद लागला.
आमच्या गावात नाद हा शब्द तसा कौतुकाचा,
नाद खुळा म्हणत आम्ही पाठ थोपटतो.
पण हा कसला नाद,
ज्यात पोरगं जिंकलं तरी हसत नाही.

वायफायची वायर काढली, जेवणाच्या डब्यात घालून
कामावर नेली. आठ दिवस.
आठ दिवस तो भिंतीकडं तोंड करून पडून.
नवव्या दिवशी मीच वायर परत लावली
आणि त्यानं मान वळवून बघितलंसुद्धा नाही.
घाबरलो ते तेव्हा.

सीपीआरमधल्या मॅडमनी विचारलं,
आधी काय आलं? लाजणं, उदासी, की खेळ?
मी उद्यमनगरात सव्वीस वर्षं लेथवर आहे.
बेअरिंग गेलं म्हणून शाफ्ट हलतो
की शाफ्ट हलला म्हणून बेअरिंग गेलं,
यावर आम्ही भांडत बसत नाही, म्हणालो.
मशीन थांबवायचं. हात लावायचा.
गरम कुठं लागतंय बघायचं.
मॅडम लिहिता लिहिता थांबल्या.
मीपण थांबलो.
शेवटचा हात कधी लावला होता मी त्याला?

गोळ्या चालू आहेत. दर मंगळवारी मॅडमकडं.
खेळ आहेच, कमी म्हणवत नाही अजून.
काल रात्री दारात उभा होतो नेहमीसारखा,
तर स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाला,
‘पप्पा, मागं उभं राहू नका. बसा.’
बसलो. कोण आपला, कोण परका, काही कळेना.
‘मेलो,’ म्हणाला एकदम.
माझं काळीज हललं ते त्याला दिसलं असावं.
‘खेळात, पप्पा.’

मग गाडी काढली. गंगावेशीत कट्ट्यावर
म्हशी पिळत होते, ग्लासाच्या वर बोटभर फेस.
मी मुद्दाम गाडीपाशी रेंगाळलो,
स्टँड लागत नाही असं करत.
गवळ्यानं विचारलं, किती?
कान लाल. ओठ हलले. ह अडकला असेल, किंवा द.
मग दोन बोटं वर.

गवळ्यानं दोन ग्लास भरले.